मीटर झाला की उतरायचं

टॉलमन धरण,
१२ मे

प्रिय एल्सी,

तुझं पत्र पोचलं आणि मुरंब्याची बाटलीही पोचली. बाटली फुटली नव्हती, पण झाकण गळत होतं, त्यामुळे तुझं पत्र मी निम्मं वाचलं आणि निम्मं चाटलं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून मीही पत्रच लिहितेय. तब्येत ठीक. मनगट ठीक. विचारणार आहेसच, म्हणून आधीच सांगते. हो, पट्टा बांधते. नाही, झोपताना नाही बांधत.

मे लागला की येणाऱ्या हिवाळ्याने इथे जम बसवलाय. सकाळी होडीच्या बाकावरचं हिम खरवडून काढल्याशिवाय बसता येत नाही, आणि पाण्यातल्या त्या वाळक्या झाडांवर कॉकाटू पक्षी नुसते शिव्या दिल्यासारखे ओरडत असतात. कॉड माशांना ही हवा मानवते. कॉड धरायला माझ्या होडीत येणाऱ्या माणसांनाही मानवते, त्यांना घरी कोणी विचारत नसावं. ऑगस्टअखेरपर्यंत माझा एकही दिवस रिकामा नाही.

माझ्यासाठीच्या खोलीला फिकट जांभळा रंग दिलास हे वाचलं. बरं केलंस. होडीचं गिऱ्हाईक, तो टॅमवर्थचा डूगल, दर रविवारी फोन करून होडीची चौकशी करतो, जशी काही ती बाळंतपणाला टेकलीय. नाताळात तुला शब्द दिलाय तो माझ्या लक्षात आहे: हा शेवटचा हंगाम, सप्टेंबरला कॉडची मासेमारी बंद झाली की होडी विकायची आणि समुद्रकाठी तुझ्याकडे कायमचं राहायला यायचं. उतरणीवर घसरून मनगट मोडून घेणाऱ्या बहिणीने याहून शहाणपणाचं काय करायचं? तेव्हा दर पत्रात आठवण नको.

आता गंमत ऐक. दर गुरुवारी माझ्याकडे एक नवीन प्राणी येतोय. आयव्हर ट्रास्क नाव. घोड्यांचा डॉक्टर होता, आता निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. जन्मभर डोंगरातल्या ओढ्यांवर ट्राउट मासे धरलेत, आणि ट्राउटवाल्यांचा तोरा तुला माहीतच आहे. पहिल्या दिवशी मी त्याच्या दोरीला गळाची खोटी माशी बांधायला घेतली. सशाच्या कातड्याची, कोंबडीच्या पिसांची, माझी नेहमीची.

"ही माशी?" तो म्हणाला. "हिला पाण्यात टाकायची की दाणे घालायचे?"

"कॉडचं तोंड बादलीएवढं असतं," मी म्हटलं. "तुमची ती डासाएवढी माशी त्याच्या दातात अडकून बसेल. आणि एक लक्षात ठेवा. मासा लागला की काठी वर उचलायची नाही. काठी माशाकडेच रोखून ठेवायची आणि हाताने दोरी ओढायची. उचललीत की माशी त्याच्या तोंडातून निसटली."

"समजलं," म्हणाला.

काडीचं समजलं नव्हतं. तासाभरात खडकामागून एक कॉड आला, पाण्यावर बार उडाल्यासारखा आवाज झाला, आणि या महाशयांनी काठी अशी उचलली की माशी माझ्या टोपीत. मासा गेला. मी जे बोलले ते तुझ्या चर्चच्या मैत्रिणींना वाचून दाखवू नकोस. तो म्हणाला, "सवय हो, पन्नास वर्षांची." ट्राउटवाल्यांची ही खोड जाता जात नाही. बहुतेकांची दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तरी सुटते. याचं कठीण दिसतंय.

त्याला मी आपला नियमही सांगितला. रेज हयात होता, आम्ही नवराबायको मिळून होडी चालवायचो, तेव्हापासून तोच चालू आहे: मीटरभर लांबीचा कॉड मिळाला की त्या माणसाचं नाव शेडमधल्या फळीवर कोरायचं, हात मिळवायचा, आणि त्याने या होडीतून कायमचं उतरायचं. मागे रांग लागलेली असते. शिवाय रेज म्हणायचा तसं, मीटर मिळालेला माणूस होडीत बसला की होडीत दोन गाईड होतात. आणि माप मी वाचणार. अर्धा सेंटिमीटर कमी पडला म्हणून मी एका बड्या वकिलाला तोंडावर नाही म्हटलं होतं, ते तुला आठवत असेल. तो अजून माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

मुरंबा छान झालाय. साखर जास्त.

तुझी,
ग्वेंडा

*

टॉलमन धरण,
२८ जून

प्रिय एल्सी,

पत्र मिळालं. "तुझ्या पत्रात मनगटाला एक ओळ आणि घोड्यांच्या डॉक्टराला दोन पानं" असं लिहून तू काय सुचवतेयस ते मला न कळण्याइतकी मी भोळी नाही. दोन पानं झाली कारण माणूस दोन पानांइतका हट्टी आहे. बाकी काही नाही. त्याचा विषय आता इथेच संपला.

पडदे कोणते घ्यायचे ते तूच ठरव. मला पडद्यांतलं कळत नाही.

आता मनगटाबद्दल सविस्तर, तुझी तक्रार नको. गेल्या आठवड्यात होडीचा नांगर पाण्यातून ओढताना कळ आली. आयव्हरने माझ्या हातातून दोर काढून घेतला, मनगट धरलं, वाकवून पाहिलं, बोटांनी दाबलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "घोडी असतीस तर तीन आठवडे गवतावर सोडली असती."

"आणि बरी झाले नसते तर?"

"तर काय करतात ते घोड्यांच्या डॉक्टरला विचारू नकोस."

मी इतकी हसले की काठावरचे पेलिकन उडाले. त्या दिवसापासून नांगर तोच टाकतो आणि तोच ओढतो. होडीतल्या पाहुण्याकडून काम करून घेणं मला पटत नाही, पण बंद कर म्हटलं तर ऐकत नाही.

डबाही तोच आणतो. लाल भोपळ्याचे स्कोन, छोट्या पावांसारखे, स्वतः भाजलेले. पहिल्या गुरुवारचे एवढे कडक होते की होडीला भोक पडलं असतं तर बुजवायला चालले असते. मी तसं सांगितलं. पुढच्या गुरुवारचे बरे होते. परवाचे तुझ्यापेक्षा चांगले होते, रागावू नकोस.

पण मासेमारीच्या नावाने अजून बोंबच. मोठा कॉड आला की काठी वर. दर वेळी. मी ओरडते, "ओढ, ओढ," आणि हा आपला झेंडा फडकवल्यासारखा काठी आभाळात. मग माझ्याकडे असं बघतो, की मलाच त्याची समजूत काढावी लागते. आणि एक चमत्कार सांगते. परवा त्याच्या गळाला पिवळपोट्या लागला, ते आपले किलो-दोन किलोचे पिवळ्या पोटाचे मासे, त्यांच्यासाठी कोणाची फळी नाही की नियम नाही. तर याने काठी खाली ठेवून डाव्या हाताने दोरी अशी झकास ओढली की रेजने पाठ थोपटली असती. लागोपाठ तीन पिवळपोटे. तिन्ही वेळा बिनचूक. चौथ्यांदा आला कॉड, आणि काठी वर.

मी म्हटलं, "आत्ता तर नीट ओढलीस की."

"हो का?" म्हणाला, आणि स्कोन पुढे केला. मी तो घेतला आणि पुढे काही विचारलं नाही. का विचारलं नाही ते मलाही विचारू नकोस.

परतल्यावर तो शेडमध्ये फळीसमोर बराच वेळ उभा होता. नावं वाचत होता.

"ही सगळी माणसं पुन्हा कधीच आली नाहीत?"

"नाहीत. नाताळला कार्डं पाठवतात."

"बिचारी," तो म्हणाला.

डूगलचा फोन चालूच आहे. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी होडी न्यायला ये म्हणून सांगितलंय. मी माझा शब्द पाळते, तुला माहीत आहे. पण होडी विकतेय हे आयव्हरला अजून सांगितलेलं नाही. सांगायची काही गरजही नाही, तो एक पाहुणा आहे.

वाचून पाहिलं तर याही पत्रात तीच गत झालीय. फाडून दुसरं लिहायला वेळ नाही. हेच घे.

तुझी,
ग्वेंडा

*

टॉलमन धरण,
३० ऑगस्ट

प्रिय एल्सी,

हे पत्र खुर्चीत बसून वाच, आणि पूर्ण वाचल्याशिवाय फोन उचलू नकोस.

मागच्याच्या मागच्या गुरुवारी मी आयव्हरला सांगून टाकलं. होडी विकतेय, बहिणीकडे राहायला चाललेय, हंगाम संपला की इथला कारभार संपला. तो तेव्हा थर्मासमधून चहा ओतत होता. कप भरला, बशी भरली, त्याचा गुडघा भिजला, तरी ओततच होता. मग म्हणाला, "समुद्राची हवा मनगटाला चांगली." आणि दिवसभर पाठमोरा बसून माशी टाकत राहिला. मला वाटलं होतं तो काहीतरी बोलेल. काय ते माहीत नाही, पण काहीतरी. घरी येऊन मी विनाकारण स्वयंपाकघरातली सगळी भांडी घासली, स्वच्छ होती तीसुद्धा.

परवा शेवटचा गुरुवार. पाणी काचेसारखं, थंडी मरणाची. आम्ही त्या दोन मोठ्या खडकांच्या मधल्या फटीत गेलो, जिथे मी सहसा कोणाला नेत नाही. एल्सी, कशासाठी नेलं विचारशील तर मला वाटत होतं जाता जाता त्याला त्याचा मासा मिळावा. निदान फळीवर नाव राहील. आणि त्याच वेळी मला तो मिळायला नको होता. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात कशा राहत होत्या, कोण जाणे.

त्याने माशी टाकली. दोन वेळा ओढली, थांबला, आणि पाणी फुटलं. आवाजावरूनच मला कळलं हा केवढा आहे. मी तोंड उघडलं, पण या वेळी ओरडायची गरजच पडली नाही. काठी जागची हलली नाही. डाव्या हाताने दोरी ओढली ती थेट कमरेपर्यंत. पुस्तकात चित्र छापावं तशी.

मासा खाली गेला, झाडाच्या मुळांकडे वळला, याने वळू दिला नाही. दमवून दमवून त्याला उथळ पाण्यात आणलं, आणि आम्ही दोघं गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरलो. हिरवा, ठिपकेदार, पोट मलईसारखं. असा मासा मी या धरणात मोजक्या वेळा पाहिलाय.

मी विचारलं, "आज ओढलीस?"

तो माशाकडे बघत म्हणाला, "पुढचा गुरुवारच नाही, मग कशासाठी उचलू?"

म्हणजे इतके दिवस, एल्सी. सगळे कॉड. सगळे त्याने जाणूनबुजून सोडले, आणि मी बाई घसा फोडून ओरडत होते. मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. पिवळपोट्यांच्या दिवशीच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि कानांनी ऐकणं वेगळं. पाय बर्फासारखे झाले होते आणि कान भाजत होते.

मी मापाची चटई भिजवली, पाण्यावर पसरली. त्याने मासा अलगद तिच्यावर घेतला, नाक टोकाला टेकवलं. मग एक हात माशाखाली ठेवून दुसऱ्या हाताने चष्मा काढला आणि खिशात टाकला.

"वाच तू," म्हणाला. "तुझं माप कधी चुकत नाही."

मी वाकले. शेपूट मिटवली. शेपटीचं टोक एकशे चारवर होतं. चारवर काय, चारच्या जरा पुढेच.

फळीवर शेवटच्या नावाखाली जागा आहे, ती मला दिसली. त्याचं नाव कोरलेलं दिसलं. नाताळचं कार्ड दिसलं, वर घोडा छापलेला. तुझे पडदेही दिसले, आणि ते चांगले असतील याबद्दल मला मुळीच शंका नाही.

"नव्व्याण्णव," मी म्हटलं.

त्याचा हात चष्म्याच्या खिशाकडे गेला नाही. मी पुन्हा म्हटलं, "नव्व्याण्णव. एक कमी. नियम म्हणजे नियम."

"अरेरे," आयव्हर म्हणाला. हरलेल्या माणसाचा एवढा खुललेला चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता. "म्हणजे डिसेंबरात मासेमारी सुरू झाली की पुन्हा यावं लागणार."

"यावंच लागेल. आणि काठी उचलायची ती खोड घालवायला वेळ लागेल तुला."

"वर्षं लागतील," तो म्हणाला.

आम्ही मासा पाण्यात धरला, त्याच्या कल्ल्यांतून पाणी खेळेपर्यंत. माझं मनगट दुखत होतं म्हणून त्याने खालून आधार दिला, माशाला नव्हे, मला. मग शेपटीचा एक तडाखा बसला, दोघांच्या तोंडावर पाणी, आणि मासा गेला. हात मात्र आम्ही तसेच ठेवले, पाण्यात, थंडीने निळे पडेपर्यंत.

मला तो आवडतो, एल्सी. घे, लिहिलं. तू मे महिन्यातच ओळखलं होतंस, आता मिरवून घे.

आज सकाळी डूगल आला. मी म्हटलं होडी विकायची नाही. तो चांगलाच तापला, आणि त्याचं चुकलंही नाही. त्याला डिसेंबरातले दोन दिवस माझ्याकडून फुकट देऊ केले, तेव्हा जरा निवला. तुला काय देऊ केलं म्हणजे तू निवशील ते कळव. तुला दिलेला शब्द मी मोडलाय, ते गोड करून सांगता येणार नाही. तू खोली रंगवलीस, माझी वाट पाहिलीस, आणि मी येत नाहीय. कायमची येत नाहीय, एवढंच. पण बंदीचे तीन महिने माझे रिकामे असतात, आणि ते दरवर्षी तुझे. पुढच्या आठवड्यातच येते. मुरंब्यात साखर किती घालायची ते या वेळी मी दाखवीन.

वकिलाला यातलं कोणी काही सांगायचं नाही.

तुझी, आयुष्यात पहिल्यांदाच चुकीचं माप वाचलेली,
ग्वेंडा

ता. क. त्या जांभळ्या खोलीत दोन खाटा मावतात का ते मापून कळव. माप मात्र खरं कळव.