असोद्याचा लाल ठिपका

असोदा,
मंगळवार

प्रिय भिकू,

चारचौघांत मी तुला भिकुताई म्हणते, अहो-जाहो करते, नणंदेचा मान ठेवते. कागदावर नाही जमायचं. तिसरीत माझ्या पाटीवरनं गणितं उतरवायचीस तू, तुझ्या भावाशी माझं लगीन लागलं म्हणून काय तू मोठी झालीस? फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देतेस का? साक्रीला राहून तुझं अहिराणी ‘शे’ आणि ‘बठ्ठं’ एवढं जोरात झालंय की माझा कान दुखतो. कागद बिचारा गुपचूप ऐकून घेतो.

तर बातमी अशी, की मी कॉलेजात जाते. हसू नको व माय! आठवड्यातनं एकदा, एसटीनं, जळगावला. सातवीत शाळा सुटली होती, आता साठीत पुन्हा लागली.

झालं असं. धुळ्याची मेघा नावाची पोरगी विहिरींची माहिती गोळा करत गावात आली होती. उन्हानं लाल झालेली, म्हणून घरात बसवली, ताक दिलं. ती म्हणाली, मावशी, पाणी किती खोल आहे ते गावात कोणी लिहून ठेवलंय का? म्हटलं, बाई, आमच्याकडे सव्वीस वर्षांचं आहे. तुझा भाऊ दर अमावास्येला विहिरीत दोर सोडायचा, गाठी मोजायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायचा, ‘चाळीस हात’, ‘अडतीस हात’. त्यावरनं केळी किती लावायची ते ठरायचं. मी चिडवायची, लोक अमावास्येला भुताला भितात आणि तुम्ही वाकून त्याची चौकशी करता! ते गेले तरी दोर सोडायचं मी थांबवलं नाही. बावीस वर्षं त्यांची, चार माझी. सगळी कॅलेंडरं गादीखाली होती, मेघानं ती बघितली आणि ताक तसंच राहिलं.

मग ती मला जळगावला घेऊन गेली. तिकडची गंमत ऐक. जळगाव-धुळ्याच्या पाच कॉलेजांकडे पाच मरतुकडी कॉम्प्युटरं होती. पाऊस, पाणी, जंगल, हवा, जो तो आपापला अभ्यास करायचा आणि एक नकाशा काढायला मशीन चार दिवस घुरघुरायचं. शेवटी पाचही जणांनी मिळून एकच मोठं उभं केलं, एका खोलीत. आपली शेतातली भरीत पार्टी असते ना, एकाची वांगी, एकाची कळण्याची भाकरी, भाजायला एकाच्या शेतातल्या कपाशीच्या काड्या, आणि जेवायला सगळे, तुझ्या भाषेत बठ्ठे, तसंच. धुळ्याची पोरं धुळ्यात बसून इथलं मशीन चालवतात. भांडणंही होतात. विहिरीवरच्या मोटारीला लायटीची पाळी असते तशी मशीनची पाळी असते, आणि एकजण उठायचं नाव घेत नाही. मशीनला एसी आहे बरं का. बाहेर माणसं शिजतायत आणि ते गारेगार. मी मे महिन्यात शाल पांघरून बसले.

तिथं एक पडदा आहे, आपल्या ओसरीच्या भिंतीएवढा. त्यावर आपला अख्खा खान्देश. गावागावाला ठिपका. पाणी वर असलं की निळा, खोल गेलं की लाल. खालची पट्टी सरकवली की वर्षं पुढे जातात. बोदवड दिसलं, तुझी साक्री दिसली. साक्रीवर मी बोट ठेवून मेघाला सांगितलं, इथं माझी नणंद राहते, पाणी असो नसो, तोंड चालू असतं.

आणि भिकू, असोदा. बावीस वर्षं निळसर, जांभळं, पुन्हा निळं, आणि मग एकदम लालभडक. आजूबाजूला कोणी लाल नाही, आपणच. तिथले मोठे सर, हितेंद्र त्यांचं नाव, चष्मा पुसत म्हणाले, इथं काहीतरी गंभीर आहे, याच्यावर लिहायला पाहिजे. पाचही कॉलेजांची पोरं गोळा झाली. कोणी म्हणे बोअर फार झाले, कोणी म्हणे जमिनीखाली भेग पडली. मी म्हटलं, पट्टी जरा मागे घ्या. नेमकं कधी लाल झालं? तर ते गेले त्याच्या पुढच्या अमावास्येला. चाळीसचे एकदम सत्तेचाळीस.

मला घामच फुटला, एसीत. त्या वर्षी त्यांचा दोर कुजला होता. मी नवा आणला आणि गाठी मारल्या. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, तशा. पण माझ्या हातानं! पाणी तिथंच होतं. मी उठून म्हटलं, सर, भेग नाही, बोअर नाही. पाणी खाली गेलेलं नाही, मोजणारीचा हात आखूड आहे. मग सर असे हसले की चष्मा पडला.

हसून झालं, टेपानं माझा हात मोजला, एक्केचाळीस सेंटिमीटर. माझी चार वर्षं सुधारली. पण त्यांची बावीस? सरांनी विचारलं, जीवरामभाऊंचा हात केवढा होता? (नाव मी नाही घेतलं हं, सरांनी घेतलं.) मी म्हटलं, माझ्यापेक्षा बराच मोठा. सर म्हणाले, मावशी, ‘बराच’ मशीनला कळत नाही. अंदाजानं टाकता येणार नाही, इथनं पाचही कॉलेजं आकडे उचलतात, एक चूक पाच घरांत जाते. महिनाअखेर नकाशा पक्का होणार. तोवर माप नाही मिळालं तर ती बावीस वर्षं वगळायची. अख्ख्या नकाशात एवढं जुनं कोणाचंच नाही, तरी वगळायची.

घरी येऊन मी सगळं उपसलं. कपडे तर मी दिवस झाल्यावर वाटून टाकले होते. फोटो बघितले. तुझा भाऊ प्रत्येक फोटोत हात मागे बांधून उभा, जसा काही मास्तरांनी शिक्षा केलीय! लग्नाच्या फोटोत तेवढे पुढे आहेत, तर त्यावर तूच आडवी आलीस, लाडू खात. आठवायला बसले तर हात डोळ्यांसमोर येतो, पण केवढा ते येत नाही. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही.

आता खरं सांगते, हे पत्र कशाला. तुमची विहीर खणली तेव्हा ते साक्रीला येऊन आठ दिवस राहिले होते, आणि तुझ्या अंगणात बसून तुझ्यासाठीही आपल्या हाताच्या मापानं गाठींचा दोर करून गेले. तू तो विहिरीत कधी सोडलाच नाहीस, पेटीत ठेवलास, हे मला तुझ्या सुनेनं सांगितलं. मला तू दाखवला नाहीस, आणि मी विचारलं नाही. चार वर्षं तू असोद्याला आली नाहीस, तेही मी विचारलं नाही. ओसरीवर ते दिसणार नाहीत म्हणून येत नाहीस, एवढं मला कळतं. पण भिकू, आता ये. दोर घेऊन ये, पोस्टानं पाठवू नको, आणि धुऊ तर मुळीच नको, आटेल. तुझा दोर तुझाच राहील, एक गाठसुद्धा मी सोडणार नाही. आपण दोघी जळगावला जाऊ, तू शाल आण. फक्त सरांनी टेप लावायच्या आधी, मला एकदा त्यांच्या दोन गाठींच्या मधे माझा हात ठेवून बघू दे.

तुझीच, कागदावर तरी वहिनी नसलेली,
सुंदर