मलिदा अ‍ॅडव्हान्समध्ये

८ फेब्रुवारी
मंगळवारी ऑनलाइन इंटरव्ह्यू. सॉफ्टवेअर डेव्हलपर! म्हणजे झालंच काम. आईने नवस बोललाय, नोकरी लागली की आम्हा ज्यूंच्या एलियाहू हन्नाबी प्रेषिताचा मलिदा. मी म्हटलं, वाट कशाला बघायची, बावीसचा रविवार पकडू. आई म्हणाली, अरे एलिशा, नवस आधीच फेडून कसं चालेल? आईला मार्केटची कल्पना नाही. पनवेलमधल्या सगळ्या नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅप टाकला. मोशेमामालाही. मामा म्हणतो, नोकरी नाही लागली तर दोन मार्चपासून न्हावा शेव्याला माझ्या ऑफिसात ये, कंटेनरचे नंबर टाइप करायला. मी! कंटेनर! छे. आजपासून कडक अभ्यास.

९ फेब्रुवारी
अभ्यास उद्या पहाटे. आज शर्टाला इस्त्री केली. पँट कॅमेऱ्यात दिसत नाही. धाकटी बहीण हदासा कोचिंग क्लासात शिकवते, ती माझे सरावाचे प्रॉब्लेम सोडवत बसली होती. बसू दे बिचारीला.

१० फेब्रुवारी, दुपार
फटकेबाजी! मॅडमनी विचारलं, यादीतली डुप्लिकेट नावं कशी काढाल? मी देशातल्या आयटीच्या भवितव्यापासून सुरुवात केली. त्या दोनदा म्हणाल्या, कोड लिहा. म्हटलं, येतोच तिकडे. तेवढ्यात हदासा चहा घेऊन आली आणि स्क्रीनकडे बघून दोन वाक्यांत उत्तर देऊन गेली. नालायक! मॅडमनी विचारलं, हे कोण बोललं? म्हटलं, कोणी नाही, चहा आलाय. सावरून घेतलं.

१२ फेब्रुवारी
मेल आला. ‘आत्मविश्वास उत्तम.’ पहिलंच वाक्य! पुढचं न वाचता नारळ आणायला गेलो.

१३ फेब्रुवारी
आईने पुढचं वाचायला लावलं. ‘मात्र प्रश्न ऐकून घेत नाहीत. निवड करता येत नाही.’ एकूण फीडबॅक संमिश्र. सगळ्यात खाली, ‘चहा घेऊन आलेल्या व्यक्तीचा बायोडेटा पाठवाल का?’ खरंच रडू आलं. मग पाठवला. तिला रेफरन्स मीच दिला म्हणायचं.

२२ फेब्रुवारी
मलिदा दणक्यात झाला. गोड पोहे, खोबरं, फळं, प्रार्थना, तोबा गर्दी. नोकरी हदासाला लागली. आई म्हणते, नवसात मी फक्त ‘माझ्या लेकराला’ म्हटलं होतं. अगं, नाव घ्यायचं ना! असो. प्लॅनिंग माझंच कामाला आलं. हदासाने सगळ्यांसमोर मला पोहे भरवले, तेव्हा कार्टीचा फार अभिमान वाटला. मामा म्हणाला, दोन मार्च, नऊ वाजता.

२ मार्च
मामाचं ऑफिस. तात्पुरतं. मामाचा मोठ्या पार्टीशी व्हिडिओ कॉल चालू होता. संधी ओळखली. स्वतःहून चहा घेऊन आत गेलो, स्क्रीनजवळ उभा राहिलो, दोन मुद्दे ठणकावून मांडले. पलीकडून विचारणा झाली, हे कोण बोललं?
मामा म्हणाला, कोणी नाही, चहा आलाय.