भरीव खोड

१ ऑगस्ट
आले बाई एकदाची! लँडस्केप आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर वर्गात मी, आणि खोलीला चक्क मोठी खिडकी. खोलीत सोबतीण आहे, तीही आमच्याच वर्गातली. इतकी बारीक की मी तिचं नाव काडी ठेवलं; तिने मला भोपळा म्हणून लगेच फिटंफाट केली. ताईने फोनवर विचारलं, झाडं लावायला एवढं शिकावं लागतं होय?

९ ऑगस्ट
पहिलंच काम खरंखुरं: एका इस्पितळाचं अंगण. आज तिथल्या झाडांची पाहणी केली. लाकडी हातोडीने खोडावर ठोकायचं आणि कान लावायचा. भरीव असेल तर ‘ठप्‌’, आतून पोकळ असेल तर ‘ढब्ब’. मी ठोकून सांगत होते, काडी तक्त्यात लिहीत होती. मधलं मोठं झाड अगदी ठणठणीत, पण नेमकं माझ्या आराखड्यातल्या पाण्याच्या पाटाच्या आड येणारं. मी म्हटलं, पोकळ आहे. काडीने नक्की ना म्हणून विचारलं. मी हो म्हटलं आणि खोडावर तोडणीची लाल फुली मारली. एका झाडाने काय आभाळ कोसळतंय! आराखडा सरांना जाम आवडला.

२० ऑगस्ट
झाड पाडलं. बुंधा आतपर्यंत भरीव निघाला, ओलसर. सरांनी वाकून त्यावर हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, ठोकलं कुणी? माझी पाचावर धारण बसली आणि मी काडीकडे बोट दाखवलं. ती नाही नाही म्हणत राहिली, पण तक्त्यात अक्षर तिचं. तिचं नाव वर्गातून कमी करणार आहेत, महिनाअखेरीला.
मी असं कसं केलं? उद्या सांगेन सरांना. नक्की सांगेन.

२४ ऑगस्ट
सांगितलं नाही. जीभच रेटत नाही. काडी माझ्याशी बोलत नाही, पण चहा करताना अजून दोघींचा करते. त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.
भूक भागत नाही. कितीही खाल्लं तरी पोटात काही पोचतच नाही.

२७ ऑगस्ट
डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पाठीवर बोटांनी ठोकून पाहिलं. थांबल्या. परत ठोकलं. मग शेजारच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. मला नुसती टॉनिकची चिठ्ठी लिहून दिली.
पण मी ऐकलं ना. ढब्ब.

२९ ऑगस्ट
पाठीवर काहीतरी ओलं लागलं. आरशात पाहिलं — लाल फुली. साबणाने घासली, दगडाने घासली. जात नाही —

३० ऑगस्ट
गेले सरांकडे. खरंच गेले. सगळं सांगायचं म्हणून तोंड उघडलं — शब्दच नाही. आतून नुसतं — ढब्ब. ढब्ब. सर चिडले, म्हणाले, थट्टा सुचते तुला?
खोलीवर परत आले तर दाराशी काडीची बॅग भरून ठेवलेली.

३१ ऑगस्ट
सकाळपासून करवत चालू आहे. खिडकीतून पाहिलं, खाली कुणीच नाही. आवाज जिन्यात — आता दाराशी —
बोलता येत नाही, हात चालतोय. काडी, तू फक्त लिहिलंस. खोटं मी सांगितलं. सर, तिला जाऊ देऊ नका, ते झाड भरीव होतं, पोकळ मी —