सांगून टाकलेला बॉल

आप्पा, तुमच्या नातीपायी आज मला शाळेतून बोलावणं आलं. पोरगी बेसबॉल खेळते. क्रिकेटमध्ये तुम्ही बोलर होतात, तशी ही तिथं पिचर. हातात काय जोर आहे म्हणून सांगू! पण उद्या जिल्ह्याच्या टीमची निवड आहे आणि तिच्या मॅडम भलत्याच तापल्या होत्या. "अहो, ही समोरच्या पोरीला आधीच सांगती, आता जोरात टाकणार, आता हळू टाकणार! उद्या तोंड उघडलं तर हिला बाहेर बसवणार बघा मी." मला हसू आवरेना. मॅडमना वाटलं असणार, काय बाई आहे ही. हे कुठनं आलंय ते त्यांना कसं सांगायचं?

तिनं तुम्हाला पाहिलंसुद्धा नाही. जेवताना तुमच्या गोष्टी सांगत आले, ही माझीच करणी. साखर कारखान्यानं तुम्हाला नोकरीला घेतलं ते बोलिंगसाठी. हजेरी स्टोअरमध्ये लागायची आणि काम मैदानावर. रविवारी गावोगावच्या स्पर्धांना न्यायला जीप यायची, आणि येताना मानधनाबरोबर गुळाची ढेप. आई वैतागायची, "कुणीतरी हरभऱ्याची डाळ द्या म्हणावं, पुरणाच्या पोळ्या तरी होतील." भर मे महिन्यात तुम्ही कानटोपी घालून मैदानात उभे. का, तर कानात वारं शिरलं की लाईन चुकते! आणि बॉल टाकायच्या आधी बॅट्समनला हाळी, "पावणं, ह्यो आत वळणार हाय बघा. मागनं म्हणू नका, सांगितलं न्हाई." पावणा हसायचा, बॉल बाहेर जाणार असं धरून बॅट फिरवायचा, आणि मागं दांडी गुल. मग त्याच्या खांद्यावर हात टाकून तुम्ही त्याला मंडपापर्यंत सोडायला जायचात. "मी खोटं बोललो का, सांगा की!"

हातकणंगल्याच्या फायनलला मी दोरीच्या कडेला शेंगा खात बसले होते. समोर शेवटची जोडी, आणि खेळायला पिकल्या मिशांचा, अनवाणी गडी. तुम्ही म्हणालात, "पावणं, ह्यो हळू येणार हाय. पुढं या." आणि तो खरंच पुढं आला हो! बॉल पार उसात. मॅच गेली. कारखान्याचा मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडला, "पगार आमचा खाताय आणि बातम्या त्यांना देताय व्हय?" त्यानंतर तुम्हाला टीममध्ये घेतलं नाही. रिटायर होईपर्यंत तुम्ही स्टोअरमध्ये पोती मोजलीत. पण त्या दिवशी स्कूटरवरनं येताना तुम्ही काय खूश होतात! "बघितलंस न्हवं? एकानं तरी ऐकलं की माझं!" मी मागं बसून रडत होते आणि तुम्ही शीळ घालत होतात. मला तुमचा असा राग आला होता.

पुढं दवाखान्यात तुम्ही कानटोपी मागितलीत. मी ती तुमच्या डोक्यात घातली. तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "बाळ, आता सरळ येणार हाय. सांभाळ." मी म्हटलं, "गप्प बसा, नाटकं नकोत. सोमवारी घरी जायचंय, पोळ्या करते." तुम्ही हसलात. माझ्या खांद्यावर हात ठेवलात, पावण्यांच्या खांद्यावर ठेवायचात तसाच. रविवारी तुम्ही गेलात. पुरणाची डाळ मी भिजत घातली होती, आप्पा.

आत्ता नात इथं स्वयंपाकघरात बसलीय, कणकेचा गोळा बोटांवर फिरवतेय. मघाशी विचारत होती, "आई, उद्या सांगू का नको?" मॅडमचं काही चूक नाही. निवड हुकली तर वर्ष जाईल, आणि वर्षभर पोरगी पहाटे उठून पळलीय. 'गप्प टाक' असं सांगायचं मी वाटेतच ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "सांग. पण नीट ऐकू जाईल असं सांग."

"आणि मॅडमनी बाहेर बसवलं तर?"

"तर शीळ घालत घरी येऊ दोघी."

ती हसली. मग म्हणाली, "आजोबांचं खरंच कुणी ऐकायचं नाही?"

"एकानं ऐकलं होतं."

"आणि तू?"

मी तवा उतरवायला उठले. तवा अजून तापलासुद्धा नव्हता. तिला उत्तर दिलं नाही, तुम्हाला देते. हा कागद कुठं पाठवणार? घडी करून तुमच्या कानटोपीत ठेवून देते. तुम्ही मला सांगितलं होतंत, आप्पा. मला खरं वाटलं नाही.