आईंची तब्येत आणि पंचायतीची गाडी

ती. सौ. वन्संच्या सेवेशी वनिताचा साष्टांग नमस्कार.

आई ठणठणीत आहेत. आधी तुमची, भाऊजींची, मुलांची खुशाली विचारायची आणि मग आपल्याकडची सांगायची, ही रीत मला ठाऊक आहे. पण मागच्या आठवड्यात जे झालं त्यानंतर माझं पाकीट बघून तुमच्या मनात नाही नाही ते येणार, म्हणून रीत बाजूला ठेवली. आत्ता आई ओटीवर बसून लसूण सोलतायत, आणि बाई सरपंच झाली की तिला लसूण सोलायला सरकारची बंदी असते काय, असं पलीकडच्या आळीला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात स्वतःशीच बोलतायत. म्हणजे तब्येत किती उत्तम आहे ते तुम्हीच ओळखा. मुद्दाम पुण्याहून धावत येण्यासारखं काही नाही. भाऊजींच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन मी तांदळाच्या डब्यात ठेवलाय. (भिजला नाही. नुसताच ठेवलाय.) तो हाताशी असला की वाजतो, आणि पलीकडून कुणी ‘कशी आहेस’ विचारत नाही, ‘पाणी कधी सोडणार’ विचारतात. वन्सं, बायकांची राखीव जागा आली तेव्हा ‘आमची वनिता बारावी शिकलेय, तिला उभी करा’ असं भर पंगतीत बोललात त्या तुम्हीच. मी दोष देत नाही. (देते. पण आज नाही, आज दमलेय.) गावाचं म्हणाल तर सुधारणा जोरात आहे. नळ घरोघरी पोचले, पाणी अजून वाटेत आहे. रस्त्यावरचे दिवे दिवसा लागतात आणि अंधार पडला की विझतात. नव्या गटाराचा उतार शाळेकडून दूर जायला हवा होता तो शाळेकडेच गेला, त्यामुळे पोरं खूश आहेत. महिला मेळावाही झाला. अध्यक्षीय भाषण माझं होतं, ते उपसरपंच हर्षदने केलं. बायकांनी पुढे आलं पाहिजे, या विषयावर.

आता गाडीचं. आपल्या गावातून कर्जतला पेशंट न्यायचा म्हणजे टेंपो शोधा, नाहीतर सरकारी गाडीची वाट बघा, आणि शनिवार-रविवारी धबधब्यावर आलेल्या मुंबईकरांनी रस्ता भरला की त्या गाडीलाही पंख नसतात. म्हणून ग्रामसभेत ठराव केला की पंचायतीला स्वतःची रुग्णवाहिका हवी. कळंबच्या अलीकडे ज्यांचं मोठं रिसॉर्ट आहे ते अनुपमशेठ म्हणाले, मी देतो. आम्ही शाल, श्रीफळ, टाळ्या सगळं उरकून घेतलं. मध्ये त्यांचे वडील वारले, आणि त्या दुःखात त्यांच्या मनात काय आलं देव जाणे, गाडी आली ती शववाहिनी. पांढरी, दोन्ही बाजूंना काचा, मध्ये स्टीलचा पाट, वर झेंडूच्या रंगात ‘स्वर्गरथ’ आणि खाली वडिलांचं नाव. गाडी चालू केली की आपोआप भजन सुरू होतं, ते बंद करायचं बटण कंपनीने दिलेलं नाही. आपली स्मशानभूमी नदीवर, चालत पाच मिनिटं. पण वडिलांच्या नावाने दिलेली वस्तू परत कशी करणार? मी आभाराचं पत्र लिहिलं. त्यात ‘आपण दिलेल्या सेवेचा लाभ ग्रामस्थांना लवकरात लवकर मिळो’ असं वाक्य गेलं. ते हर्षदने सभेत मोठ्याने वाचलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

गाडी ठेवायची कुठे? पंचायतीसमोर नको, तिथे दुकानं आहेत. शाळेसमोर नको. देवळासमोर तर बोलूच नका. ज्याच्या दारात लावावी त्याच्या घरातली म्हातारी आजारी पडायची. शेवटी सर्वानुमते ठरलं की गाडी सरपंचाच्या दारात राहील. (एवढं एकमत या पंचायतीत आजवर कशावरच झालेलं नाही.) दुसऱ्या दिवसापासून येणारे-जाणारे आपल्या दाराशी थबकायचे, चपला काढायचे आणि कुणाचं काय झालं म्हणून हळूच विचारायचे. दोघीजणी तर आल्या आल्या पदर डोळ्याला लावून बसल्या. आईंनी त्यांना चहा दिला आणि कोण गेलं म्हणून त्यांनाच विचारलं. तुमचे भाऊ मागच्या दाराने ये-जा करू लागले.

उद्घाटनाला बोलावलेल्या पुढाऱ्यांना त्या दिवशी एकाएकी दुसरीकडे काम निघालं. हर्षद, जो माझ्या वाट्याची प्रत्येक फीत माझ्याआधी कापतो, तो म्हणाला, वहिनी, आज तुमचा मान. मीही पुढे होईना. तेवढ्यात आई काठी टेकत आल्या, कात्री घेतली, फीत कापली आणि ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसल्या. ड्रायव्हर म्हणजे आपला गजा, पूर्वी भाजीचा टेंपो चालवायचा तो. त्याला म्हणाल्या, “चल रं, कर्जतला. माज्या डोळ्यांचा डॉक्टर आज बसतो. मागं झोपून जाईन तवा मला काय दिसनार हाय?”

आणि गाडी निघाली, वन्सं. पुढे गजा, शेजारी आई, भजन चालू, मागे फुलांच्या माळा. ज्यांनी पाहिलं त्यांनी गाडी आपल्या दारातून निघालेली पाहिली आणि आईंचं नाव ऐकलं, बाकी जोडायला वेळ कितीसा लागतो. हर्षदच्या भावाने ग्रुपवर आईंचा फोटो टाकला, त्याला हार घातला आणि खाली ‘भावपूर्ण’चं स्पेलिंग चुकवून श्रद्धांजली वाहिली. तुम्ही रडत रडत लोणावळ्यापर्यंत आलात, आणि मग आईंनीच कर्जतहून फोन करून ‘कुटं निघालीस गं भर पावसात’ म्हणून तुम्हाला झापलं, ते सगळं त्याच दिवशीचं. मी तुमची हात जोडून माफी मागते. आई मागत नाहीत. फोटो कुठला लावला होता एवढंच त्या विचारतात.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. या रविवारी जेवणं आटोपत होती, तेवढ्यात डोंगरावरच्या ठाकूरवाडीतून धाऊ धावत आला. त्याची बायको आवडी, तिचे दिवस भरले होते. सकाळपासून कळा, मूल आडवं वाटतंय म्हणून वाडीतल्या सुईणीनेच सांगितलेलं की आता माझ्या हातात नाही, खाली न्या. तिला डोलीत घालून चौघांनी आपल्या दारापर्यंत आणलं होतं. सरकारी गाडीला फोन केला. ती निघालीच होती, पण धबधब्याच्या वळणावर गाड्यांच्या रांगेत अडकली होती आणि तिला ना पुढे येता येत होतं, ना मागे जाता. टेंपो एक लग्नाला गेलेला, दुसरा गॅरेजात पडलेला. आणि दारात ही उभी, डिझेल भरलेली.

मी म्हटलं, यात घाला. धाऊ मागे सरला. “नाय बाय,” तो म्हणाला, “या गाडीत गेलेली मानसं परत येत नाय.” त्याच्याबरोबरच्या माणसांनीही माना हलवल्या. मी त्याला समजावत होते, पण वन्सं, मलाही ते पटत नव्हतं. त्या स्टीलच्या पाटाकडे बघून माझ्याच अंगावर काटा येत होता. आवडी डोलीत गपगार पडली होती, आणि कळा देणाऱ्या बाईचं गप्प होणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. तेवढ्यात मागून आई आल्या. दोन गोधड्या पाटावर अंथरल्या, वर स्वतः चढल्या आणि धाऊला म्हणाल्या, “मी जाऊन आले, मेले का? उचल तिला.”

मग मी आवडीचं डोकं मांडीवर घेतलं, आई पायाशी बसल्या, धाऊ गजाशेजारी. गाडी निघाली, भजन लागलं. वळणावर आलो तर रस्ता भरलेला. रिसॉर्टला आलेल्या गाड्या, भुट्टेवाले, ओल्या चड्ड्यांवर फोटो काढणारी पोरं. एरवी इथे मागून रुग्णवाहिका ओरडत आली तरी कुणी मान वळवत नाही. आम्हाला बघितलं आणि काय सांगू, रस्ता उघडत गेला. गाड्या खाली शेतात उतरल्या. गाणी बंद झाली. लोक उतरून हात जोडून उभे राहिले. एकाने टोपी काढली, एका बाईने केसातला गजरा काढून काचेवर वाहिला. जिवंत माणसाला जी वाट मिळत नाही ती आम्हाला मिळत होती, आणि मी आत बसून खाली मान घालून दुखवट्यातल्यासारखा चेहरा करत होते, न जाणो हसरी दिसले तर परत गर्दी व्हायची. नेमकी तेव्हा आवडीला मोठी कळ आली आणि ती जी ओरडली, त्यासरशी काचेला हात लावून डोळे मिटून उभा असलेला एक गृहस्थ मागच्या मागे भाताच्या खाचरात बसला. (त्याला लागलं नाही. चिखल होता.)

पुढे रस्ता मोकळा होता. आवडीने माझा हात धरला आणि विचारलं, “बाय, मी मरते का गं?” वन्सं, मी रोज लोकांना काही ना काही सांगते. पाणी येईल, दिवे लागतील, रस्ता होईल. सांगताना आपण खोटं बोलतोय हे मला कळतं आणि त्यांनाही कळतं, त्यामुळे कुणाला त्रास होत नाही. पण हिला काय सांगायचं? ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, नाही मरत. आणि मग कर्जत येईपर्यंत काचेतून मैलाचे दगड मोजत बसले.

दवाखान्याच्या दारात वॉचमनने आमची गाडी बघितली आणि मागच्या बाजूला लावा म्हणाला. त्याचं चुकलं असं नाही, असल्या गाड्या मागेच लावतात. गजा म्हणाला, पुढं सोडा, आत बाय हाय. वॉचमन म्हणाला, हो, तुमचं दुःख समजतं, पण मागे. गजा ओरडला, “अरं जित्ती हाय, जित्ती!” पण भजनात त्याला ‘मिठी’ ऐकू आलं की काय, त्याने पुढे होऊन गजाला सांत्वनाची मिठी मारली. शेवटी आईंनी काचेवर काठी आपटली तेव्हा त्याचा विश्वास बसला. नर्सबाई धावत आल्या, डॉक्टरीणबाई मागून आल्या, आत न्यायला वेळच नव्हता. पाटावरच, गोधडीवर, झेंडूच्या माळांखाली त्यांनी मूल फिरवून घेतलं. मुलगी झाली. ती रडली तेव्हा भजन चालूच होतं. धाऊ गाडीला टेकून उभा होता, तो हळूहळू घसरत खाली जमिनीवर बसला आणि पोटभर रडला. दोघी सुखरूप आहेत.

तुम्हाला वाटेल, चला, गाडीचा प्रश्न सुटला. तो वाढला. परवा खालच्या आळीतले एक आजोबा गेले, चांगले पिकून. मी गजाला गाडी घेऊन पाठवलं, तर घरच्यांनी ती दारातूनच परत पाठवली. म्हणे, ज्यात लक्ष्मी जन्माला आली त्यात मढं घालायचं पाप आम्ही नाही करणार. आजोबांना खांद्यावरून नेलं. आता गावात तीन गरोदर बाया आहेत आणि तिघींच्या सासवा गाडीला हळदकुंकू लावून गेल्यात. अनुपमशेठ चिडलेत की वडिलांच्या आत्म्याला शांती कशी मिळणार. हर्षद म्हणतो ही गाडी आणण्याची कल्पना मुळात त्याचीच, आणि उद्घाटन पुन्हा करायचं आहे, या वेळी फीत तो कापेल.

मी मात्र खरोखर थकले आहे. राजीनामा लिहून ठेवलाय, कारण ‘घरगुती’ घातलंय, कारण दुसरं काही त्या एका ओळीत मावेना. मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार.

तुमची,
वनिता

ता. क. हे पत्र आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात, काठी आपटली नाही, टेकवली. आणि मला वाटेत भूक लागली होती ते का लिहिलं नाही.

ता. क. दुसरा. राजीनामा द्यायला सकाळी निघाले होते. वाटेत आवडी भेटली, मुलीला घेऊन माहेरी चालली होती. मुलीचं नाव काय ठेवलं विचारलं, तर म्हणाली अजून नाय, पन सगळी तिला सरपंचच म्हनत्यात. राजीनामा पिशवीतच राहिला. पुढच्या निवडणुकीत ही जागा सर्वांना खुली आहे असं ऐकते. नुसतं सांगितलं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. वर लिहिलंय की धावत येण्यासारखं काही नाही. ते खोडायचं होतं, पण पेनाने लिहिलंय. वन्सं, या. आईंसाठी नका येऊ, त्या आपल्या सगळ्यांना पोचवून मगच जातील. माझ्यासाठी या. चार दिवस राहा. येताना काही आणू नका. फक्त आल्यावर माझ्याजवळ बसा आणि चार दिवस मला पाणी, दिवे, गटार यांतलं काही एक विचारू नका. दारात कुणी ‘सरपंच हायत का’ म्हणून आलं, तर तुम्हीच बाहेर जा आणि सांगा, नाहीत, आमची वनिता आहे, ती झोपलीय.