बोरिवलीचा शाकाहारी फ्लॅट

१४ जून २०१५

फ्लॅट माझा! बोरिवली, तिसरा मजला, एक खोली आणि ओट्यापुरतं स्वयंपाकघर. तलासरीच्या शाळेतली मास्तरीण मुंबईत घरमालकीण झाली!

बयाण्यासाठी आईने पाटल्या मोडल्या. चाळीस वर्षं डहाणूच्या बाजारात मासे विकून केलेल्या.

एजंट म्हणाला, इथे मासे-मटण चालत नाही मॅडम, म्हणून तर भाडं दोन हजार जास्त येतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, तुम्ही व्हेजच ना? आणि मी – धाकटी डहाणूच्या मासेमार मांगेल्याची लेक – हो म्हणाले! घरी सांगितलं तर हे एवढे हसले की ठसका लागला.

२ जुलै २०१५

भाडेकरू मिळाले. शितल आणि देवेश, नवीनच लग्न झालेलं. बारा हजार! शेजारच्या बिल्डिंगमध्ये दहाच. कर्जाच्या हप्त्याचं बरंचसं ओझं उतरलं. आज वर्गात मुद्दाम बाराचा पाढा घेतला.

५ जुलै २०१५

आई विचारते, घर कधी दाखवतेस? म्हटलं, भाडेकरू राहतात, बरं दिसत नाही.

खरं कारण लिहायलाही लाज वाटते. आईच्या लुगड्याला बाजाराचा वास असतो. सेक्रेटरी खाली खुर्ची टाकून बसलेले असतात.

११ जून २०१६

नवा करार. तेरा हजार दोनशे! शितल एका शब्दाने बोलली नाही. बोरिवलीचे भाव असेच चढोत.

आईने पुन्हा विचारलं. पुन्हा टाळलं.

१४ मे २०१७

करार संपला म्हणून गेले. साडेचौदा सांगायचे, गाडीत पाठ करत होते. दार उघडलं आणि वास ओळखला. जवळा! कांद्यावर परतलेला!

शितलचा चेहरा उतरला. "मॅडम, सातवा महिना आहे. राहवत नाही हो. खिडक्या बंद करून करते."

रागवायला तोंड उघडलं आणि विचारलं, कोकम घातलंस का? नव्हतं घातलं. मग काय, पदर खोचून मीच ओट्याशी उभी राहिले. दोघी घामाने निथळत, बंद खिडक्यांआड भरपेट जेवलो. स्वतःच्या घरात पहिलं जेवण! घरी पोचल्यावर आठवलं – भाडं वाढवायचं राहूनच गेलं.

१५ मे २०१७

आनंदाच्या भरात सगळं आईला सांगितलं. तो नियम, माझं ते "हो", सगळं. वाटलं, पोट धरून हसेल.

हसली नाही. "त्या पोरीला लपवलंस ते बरं केलंस," म्हणाली. "मला कशाला लपवलंस, सरले?"



२१ मे २०१७

आई घरात नाही! शेजारची हिरू सांगते, पहाटेच टोपली घेऊन स्टेशनवर गेली. सुका जवळा आणि बोंबील! पत्ता कराराच्या कागदावरून हिरूच्या पोरीकडून वाचून घेतला म्हणे.

साडेनऊला शितलचा फोन – तुमच्या आई खाली आल्यात, सेक्रेटरींनी अडवलंय, मोठ्याने बोलतायत. आता माझं खोटं उघडं पडणार. या अवघडलेल्या पोरीला घर सोडावं लागणार. नंतर फोन कुणी उचलेना.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आई परतली. टोपली रिकामी!

सेक्रेटरींची बायको माहेरची वेंगुर्ल्याची निघाली. खाली आली आणि नवऱ्यादेखत टोपलीवरचं फडकं तिनेच उचललं. मग दुसरा मजला, मग चौथा. शितलच्या घरी चहा झाला. आई खिडकीत बसून आली.

"सगळ्यांना सांगितलं," आई म्हणाली, "तिसऱ्या मजल्याची मालकीण माझी लेक."

भाड्यातले ते जास्तीचे दोन हजार आता गेलेच समजायचे. जाऊ देत! पुढच्या रविवारी दोन टोपल्या न्यायच्यात. दुसरी मी घेतेय.