झ चं पान

सोमवार, ४ ऑगस्ट

एका पालकाने माझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली आहे, म्हणून ही वही. उद्या कुणी विचारलं तर तारीखवार सांगता यावं.

तक्रार बालवर्गाच्या भिंतीवरच्या अक्षरांबद्दल. अक्षरांतून मुलांना देशाची ओळख करून द्या, असा वरून आदेश. सोबत छापील तक्ता – किल्ला, तोफ, सिंहासन. चार वर्षांच्या पोरांनी तोफेचं काय करायचं? गुंडाळून कपाटावर टाकला. माझी पानं मीच रंगवली. देश ज्यांच्यावर चालतो ती माणसं, आमच्याच मुलांच्या घरची. ग गवंडी. इ इस्त्रीवाला. ड डॉक्टर. झ झाडूवाली – वर्गातल्या एका मुलीची आई, शाळेसमोरचा रस्ता झाडते.

‘झ चं पान काढा.’ एवढीच तक्रार. खाली नाव नाही, नुसतं ‘एक पालक’!

काढणार नाही.

मंगळवार, ५

मुख्याध्यापिकेने बोलावलं. वयाने माझ्या मुलीएवढी. ‘बाई, झेंडा लावा ना! कोण बोलणार आहे?’

म्हटलं, ‘झेंड्याखालचा रस्ता कोण झाडतं?’

‘तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.’

‘आपट. पानं तेवढी सांभाळ.’

हसू दाबत होती. हसली असती तर बरं झालं असतं.

गुरुवार, ७

तक्रार कुणाची ते कळलं. डॉक्टरीणबाईंची, दुसऱ्या कुणाची! मुलाला सोडायला आल्या की झ च्या पानापाशी रेंगाळतात. माझी रीत अशी – प्रत्येकाकडे जाऊन बसायचं, काम बघायचं, ‘तुमचं काय काढू?’ विचारायचं, मगच रंग. यांच्या दवाखान्यात तर पाऊण तास ताटकळले होते. तेव्हा काय गोड बोलल्या! आज त्यांनी नमस्कार केला. मी घेतला नाही.

शुक्रवार, ८

संस्थेचे अध्यक्ष आले. ‘सोमवारी तपासणी आहे. एक तर ते पान जाईल, नाहीतर तुम्ही.’

‘मग आम्ही दोघी राहतो,’ म्हटलं.

बाहेर आल्यावर नोकरीशिवाय किती महिने निघतील ते बोटांवर मोजलं. इथे लिहायला हरकत नाही.

वर्गात विचारलं, देश कुणाचा? एक पठ्ठ्या उठला – ‘माझ्या बाबांचा आणि इस्त्रीवाल्याचा!’ शाबास.

शनिवार, ९

राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. पान भिंतीवरच.

रविवार, १०

झाडूवालीच्या घरी गेले. म्हटलं, ‘घाबरू नकोस. तक्रार कुणीही करू दे, मी तुझ्या बाजूने आहे.’

तिने खुर्ची पुसून दिली. म्हणाली, ‘बाई, तक्रार माझीच. शेजाऱ्याकडून लिहून घेतली.’

 आणि मी विचारलं ते असं – ‘कामाची लाज वाटते?’

‘लाज कसली? वीस वर्षं झाडतेय. इस्त्रीवाला हसतोय तुमच्या चित्रात. डॉक्टरीणबाईंचा चष्मासुद्धा काढलाय. मी तेवढी वाकलेली. पाठ आणि झाडू. तोंडच नाही! पोरगी विचारते, आई, ही तू कशावरून? काय सांगू? सगळ्यांना विचारायला गेलात. माझ्याकडे आलात का?’

नाही गेले. वर्गाच्या खिडकीतून बघून काढलं. रोज समोर दिसते, मग विचारायचं काय!

सोमवार, ११

सकाळी पहिला नमस्कार डॉक्टरीणबाईंना. मग पान स्वतःच्या हाताने उतरवलं. तिथे झेंडा लावला नाही. छापील तक्ताही नाही. तपासनीस म्हणाले, ‘इथे मोकळं का?’ म्हटलं, ‘त्यांना विचारायचं राहिलंय. विचारलं की लागेल.’ अध्यक्ष घसा खाकरत राहिले. खाकरू देत.

शाळा सुटल्यावर दिलं: झ चं पान, एक. घेणार – मुलीची आई. फाडायचं की ठेवायचं, त्यांनी ठरवावं.